शेळ्यांना अहो म्हणणाऱ्या मॅडम

मॅडमनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी साताऱ्याची, म्हणून मी 'सातारा'. जीप चालवणारे काका फलटणचे, म्हणून ते 'फलटण'. ऑफिसातले क्लार्क आणि गेटवरचे वॉचमन दोघेही कुंडलचे निघाले, तेव्हा एक 'वरचं कुंडल' झालं आणि दुसरं 'खालचं कुंडल'. संस्थेचे संचालक पुण्याचे. त्यांना तोंडावर 'सर' म्हणायच्या, पण त्यांची गाडी गेटाबाहेर पडली की विचारायच्या, "पुणं गेलं का?"

शेळ्यांना मात्र नावं होती, आणि शेळ्यांना त्या अहो-जाहो करत. "आवं मामी, सरका की जराशा." "काकी, आज काय खाल्लं न्हाई तुमी?" मी तिथं लागून दोन-तीन महिने झाले असतील, तेव्हा न राहवून विचारलं, की मॅडम, मला 'ए सातारा' आणि शेळीला 'आवं मामी', हे कसं काय?

त्या एका शेळीच्या मानेवरचे केस कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तू पगार घेतीस. त्या न्हाई घेत."

आमची प्रयोगशाळा इस्लामपूरच्या अलीकडे, चारी बाजूंनी उसात बुडालेली. काम लेप्टोवर. उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येणारा हा जंतू. गाई-म्हशींनाही होतो, आणि भेगा पडलेल्या पायांनी चिखलात उतरणाऱ्या माणसालाही. मॅडम पशुवैद्यकातल्या डॉक्टरेट. त्यांचं काम थोडक्यात सांगायचं तर असं, की मारलेले जंतू शेळीला टोचायचे. शेळीला आजार होत नाही, पण तिचं शरीर त्या जंतूला ओळखायला शिकतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग शेळीचं थोडं रक्त घ्यायचं आणि ती प्रतिपिंडं वेगळी काढायची. दुसऱ्या कुणाच्या अंगात ती आयती सोडली तर तो वाचेल का, हा प्रश्न.

मुलाखतीला गेले तेव्हा मी पाठ केलेलं बरंच काही घेऊन गेले होते. मॅडम ऑफिसात नव्हत्या. शेळ्यांच्या गोठ्यात, साडी खोचून, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तू जल्मल्यावर पैलं काय प्यालीस?"

मी गोंधळले. त्या म्हणाल्या, "म्हाईत नसंल तर आईला फोन लाव."

मी खरंच लावला. आई साताऱ्याला स्वयंपाकघरात होती. ती जरा विचार करून म्हणाली, "मध. आत्यानं चाटवला होता. सोन्याच्या अंगठीनं. का गं?"

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला. "आनि चीक? पैलं दूध? त्ये दिलं का न्हाई?"

"ते पिवळं असतं ना, काढून टाकायचं असं सासूबाई म्हणाल्या," आई म्हणाली. तिकडे कोण बोलतंय हे तिला कळत नव्हतं, तरी ती उत्तर देत राहिली.

मॅडमनी फोन परत दिला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी आजारी आहे. "मानसाचं बरं असतं," त्या म्हणाल्या. "पोटात असतानाच आईकडून बरंचसं मिळतं. म्हणून वाचलीस. वासरू असतीस तर गेली असतीस." मग त्यांनी तिथंच मला शिकवलं, की गाईचं वासरू, शेळीचं करडू जन्माला येतं ते रिकामं. आईची प्रतिपिंडं त्याला पोटात मिळत नाहीत. मिळतात ती चिकातून, तीही पहिल्या काही तासांत. तेवढा वेळ आतड्याचं दार उघडं असतं. मग ते बंद होतं आणि नंतर कितीही पाजा. बोलता बोलता त्यांनी एक करडू माझ्या हातात दिलं होतं. ते माझ्या नव्या ओढणीवर मुतलं तेव्हा म्हणाल्या, "सोमवारपास्नं ये."

त्या फोनचा राग आईच्या मनात राहिला. तरी पुढे मॅडम कामानिमित्त साताऱ्याला आल्या तेव्हा तिनं हौसेनं जेवायला बोलावलं आणि शेवटी ताटलीत खरवस ठेवला. वेलची, जायफळ, वर केशराची काडी. मॅडमनी ताटलीकडे बघितलं.

"वासरू कुठाय?"

आईला वाटलं काही ऐकण्यात चूक झाली. "कुठलं वासरू?"

"ह्या चिकाचं. ज्याचा हा चीक, ते वासरू. त्याला आधी मिळाला का?"

आईनं ताटली उचलली आणि ती आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम शांतपणे हात धुवून आल्या, आईच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या, आणि आतून बराच वेळ दोघींचा आवाज येत राहिला. काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर आमचा गवळी चीक घेऊन आला की आई दारातच त्याची उलटतपासणी घ्यायची, आणि त्याची उत्तरं पटली नाहीत तर त्याला परत पाठवायची.

मॅडम माण तालुक्यातल्या धनगर वस्तीवरच्या. वडील मेंढरांमागं, पावसाळा सरला की कळप घेऊन नदीकाठाकडे उतरायचे. आईही त्यांच्याबरोबर. धाकटा भाऊ बिरू मॅडमनीच कडेवर वाढवला. "माझी कंबर ह्या अंगाला वाकडी हाय बघ," त्या हसून सांगायच्या, "बिरूमुळं." तो चालायला लागला तेव्हा त्यांना शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. तो रडून आजारी पडला म्हणून त्याला दोनदा तिथं आणून भेटवावं लागलं होतं. पुढे मॅडम शिकत गेल्या, लग्न केलं नाही. बिरूनं मेंढरं कमी केली, कुंडलच्या खालच्या अंगाला, नदीकडच्या गावात थोडी जमीन घेतली, ऊस लावला आणि सुमनवैनीशी संसार मांडला. आमच्या प्रयोगशाळेपासून त्याचं घर जवळ होतं. मॅडम तिथली नोकरी का सोडत नाहीत, पुण्याहून बोलावणी येऊनही, याचं कारण सगळ्या संस्थेला माहीत होतं.

प्रयोगशाळेत हॅमस्टर असत, तळहातावर मावणारे तांबूस प्राणी. लेप्टो त्यांना माणसासारखाच, किंबहुना जास्त जोरात होतो. काहींना आधी आमची प्रतिपिंडं द्यायची, काहींना साध्या शेळीचा रक्तद्रव, आणि मग सगळ्यांना जंतू. ज्यांना प्रतिपिंडं मिळाली ते पिंजऱ्यात पुढे आठवडाभर दाणे खात फिरत राहिले. बाकीचे मलूल होऊन कोपऱ्यात बसायला लागले. निकाल आम्हाला हवा तसाच होता. मी आनंदानं मॅडमना सांगायला गेले, तर त्या मास्क-झगा घालून त्या मलूल पिंजऱ्यांपाशीच बसलेल्या.

कुणालाही यातना होण्याआधी शेवटचं इंजेक्शन द्यायचं असा नियम आहे. ते काम त्या कधी कुणावर सोपवत नसत. एकेकाला हातात घ्यायच्या, थोडा वेळ तसंच धरायच्या, आणि मग द्यायच्या. त्या दिवशी बाहेर येऊन त्या जेवल्या नाहीत. "जगल्यालं जगलं, ह्ये आपल्याला कळलं कुणामुळं?" एवढंच म्हणाल्या.

सुमनवैनीला मात्र त्यांनी हे फार रंगवून सांगितलं होतं. वैनी अधूनमधून भाकरी-कालवण घेऊन यायच्या, तेव्हा मॅडम त्यांना काचेतून जगलेले हॅमस्टर दाखवायच्या. "बघ सुमन. मरणार व्हतं, आता कसं खातंय." त्या कौतुकाची किंमत पुढे मोजावी लागेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असणार?

त्या वर्षी पावसाळ्यात नदी गावांत शिरली. पाणी ओसरल्यावर मॅडमनी प्रयोगशाळा माझ्यावर टाकली आणि आरोग्य खात्याच्या आशाताईंबरोबर गावोगाव फिरायला लागल्या. चिखल काढणाऱ्यांना सांगायच्या, की बूट घाला, दवाखान्यात देतात त्या गोळ्या घ्या, ताप आला तर अंगावर काढू नका. घसा बसेपर्यंत सांगायच्या. बिरूच्या गावात त्या गेल्या नव्हत्या असं नाही. पण बिरूच्या घरी वेगळं सांगायचं त्यांना सुचलं नाही. भावाला माहीतच असणार असं वाटलं.

बिरूनं अनवाणी गोठा साफ केला होता. ताप आला तो त्यानं अंगावर काढला. "आक्का आधीच दमलीय, तिला कशाला," असं म्हणून वैनीलाही फोन करू दिला नाही.

एके दिवशी सकाळी वैनीचा फोन आला. मॅडमनी ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले, आणि "फलटण, जीप काढ" म्हणाल्या. मग दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. फ्रीज उघडला. आमच्या प्रतिपिंडांच्या कुप्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि तो डबा काखेत घेऊन जीपमध्ये बसल्या. मी बघितलं. त्यांनीही बघितलं, की मी बघितलं. मग मीही मागे चढले.

बिरू अंथरुणावर होता. डोळे लाल, अंगावर पिवळटपणा. मॅडमनी त्याच्या पोटरीवर नुसता हात दाबला आणि तो कळवळला.

"लघवी कवा झाली?"

"काल," तो म्हणाला. "जराशी."

आम्ही त्याला उचलून जीपमध्ये ठेवलं आणि मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याला लगेच आत घेतलं. मूत्रपिंडं थांबली होती. सलाईनमधून औषधं सुरू झाली, डायलिसिस करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. आम्ही तिघी बाहेर बाकावर बसलो. मॅडम मध्ये, डबा मांडीवर.

बराच वेळ वैनीची नजर त्या डब्यावरच होती.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "त्येच हाय न्हवं त्यात? शेळीचं?"

"व्हय."

"मग द्या की."

"न्हाई, सुमन."

"का?"

"ह्ये मानसाला कवाच दिल्यालं न्हाई. शेळीचं हाय. त्याच्या अंगाला त्याचाच झटका बसला तर जागच्या जागी जाईल."

"तसंबी जातंयच की," वैनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. "त्या उंदरांस्नी देता. वाचत्यात म्हणून दाखवता. आनि पाठच्या भावाला न्हाई?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांना विचारून तरी बघू."

"इचारलं. आत गेले तवाच इचारलं. न्हाई म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर मीबी न्हाईच म्हणले असते."

"मग हा डबा आणला कशाला?" वैनी म्हणाल्या.

मॅडमनी समोरच्या भिंतीकडे बघत उत्तर दिलं. "बहीण हाय म्हणून."

दुपार झाली. डब्याच्या झाकणाखालून पाणी झिरपायला लागलं आणि मॅडमच्या साडीवर पसरत गेलं. मी म्हणाले, "मॅडम, बर्फ वितळतोय. खालच्या दुकानातून आणू का?"

"नको."

"पाणी सांडतंय."

"सांडू दे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो डबा त्यांना टाकूनही देता येत नव्हता आणि उघडताही येत नव्हता. म्हणून त्या बर्फ संपायची वाट बघत होत्या. पाच वाजायच्या सुमारास त्यांनी तो माझ्या हातात दिला. "घिऊन जा. थंडावा गेला, नेमाप्रमाणं आता हे कुनालाच देता येत न्हाई. नष्ट कर." साडीचा पुढचा सगळा भाग भिजून पायाला चिकटला होता. त्या तशाच बसून राहिल्या.

बिरू वाचला. डायलिसिसनं, औषधांनी, तिथल्या डॉक्टर-नर्सच्या मेहनतीनं. पण फार दिवस लागले, आणि मध्ये दोनदा असं झालं की डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हटलं. घरी आला तेव्हा शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. वैनी डॉक्टरांच्या पाया पडल्या, आयांच्या पाया पडल्या. मॅडमशी एक शब्द बोलल्या नाहीत.

भाऊबीजेला मॅडम मला बरोबर घेऊन गेल्या. एकट्यानं जायचा धीर होत नसावा. वैनींनी पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, ताम्हणात सगळं नीट ठेवलं होतं. फक्त त्या स्वतः आत होत्या आणि शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. ओवाळताना बिरू म्हणाला, "आक्का, तिचं मनावर घिऊ नगंस. तिनं त्या दवाखान्यात लय बघितलंय."

"मीबी तिथंच व्हते रं," मॅडम म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी संस्थेच्या समितीकडे नव्या प्रयोगाची परवानगी मागितली. आतापर्यंत आम्ही प्रतिपिंडं आधी देत होतो, जंतू नंतर. आता जंतू आधी, आणि आजार अंगात पुरता भिनल्यावर प्रतिपिंडं. शास्त्र म्हणून प्रश्न योग्यच होता. संचालकांनी कागदावर सही करताना विचारलं, की हे आत्ता का? मॅडम म्हणाल्या, "मला म्हाईत करून घ्यायचंय." मला मात्र विचारायची गरज नव्हती.

प्रयोगाचे ते दिवस वाईट होते. मॅडम कुणाला ए फलटण, ए सातारा म्हणेनाशा झाल्या. शेळ्यांशी बोलेनात. हॅमस्टर एकेक करत मलूल पडले. बहुतेक वाचले नाहीत. काही वाचले.

या 'काही'चं काय करायचं ते मला कळेना. सगळे गेले असते तर सोपं झालं असतं. मॅडमचं मन निवलं असतं, देऊन उपयोग नव्हता असं वैनींना सांगता आलं असतं. मी तसं बोललेही. मॅडम म्हणाल्या, "सुमनला बोलीव."

वैनी आल्या ते केवळ बिरूनं आग्रह केला म्हणून. एसटीनं आल्या, हातात काही आणलं नव्हतं. मॅडमनी त्यांना काचेपाशी उभं केलं. आत पिंजऱ्यांची रांग, बहुतेक रिकामे.

"बिरूला दिलं असतं तर काय झालं असतं, ह्ये बघत व्हते," मॅडम म्हणाल्या. "उशिरा दिलं. तो जेवढा आजारी व्हता, तेवढं आजारी पडल्यावर दिलं."

वैनी बघत राहिल्या. "सगळी मेली?"

"न्हाई. लय मेली. काय काय जगली."

एका पिंजऱ्यात एक हॅमस्टर पुढचे पाय तोंडावरून फिरवत होता. वैनींनी काचेला बोट लावलं.

"म्हंजी आमच्या ह्यास्नी दिलं असतं तर…"

"लवकर उठला असता. न्हाईतर गेला असता. म्हाईत न्हाई, सुमन. आज एवढं सगळं करूनबी म्हाईत न्हाई. तवा तर एवढंबी म्हाईत नव्हतं."

वैनी वळल्या. पहिल्यांदाच त्यांनी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुमी सगळी मेली म्हणाला असतासा, तर मला काय कळणार व्हतं?"

"काय न्हाई."

"मग का सांगितलं?"

"तू इचारलंस म्हणून."

वैनी बाहेर जाऊन गोठ्याच्या पायरीवर बसल्या. मॅडम गेल्या आणि जरा अंतर ठेवून शेजारी बसल्या. मी दारात उभी होते, आत जावं की थांबावं कळत नव्हतं. दोघी शेळ्यांकडे बघत होत्या.

"त्या दिशी तुमचं लुगडं सगळं भिजलं व्हतं," वैनी म्हणाल्या. "मी बघत व्हते. तसंच अंगावर वाळवलंसा."

"दुसरं आणलंच नव्हतं."

"मला मागायचं," वैनी म्हणाल्या. "माझ्या पिशवीत व्हतं."

मॅडमनी मान खाली घातली. आणि ती बाई, जिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, ती साडीच्या पदरानं पुन्हा पुन्हा नाक पुसायला लागली. वैनींनी त्यांच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. जवळ सरकून बसल्या, एवढंच.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मॅडम निवृत्त झाल्या. पुण्याला गेल्या नाहीत. बिरूच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या आणि संस्थेला नको झालेल्या म्हाताऱ्या शेळ्या तिकडं नेल्या. मी दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे. तिथं शेळीचं घेत नाही, माणसाच्या शरीराला परकी वाटणार नाहीत अशी प्रतिपिंडं घडवण्याचा प्रयत्न चालू आहे. अजून ती माणसापर्यंत पोचलेली नाहीत. मॅडम फोनवर दर वेळी विचारतात, "कुठवर आलं?" मी सांगते. त्या म्हणतात, "घाई करू नगा. पर झोपूबी नगा."

पावसाळ्यात त्या आणि वैनी मिळून वस्त्या-वस्त्यांवर जातात. बोलायचं काम आता वैनी करतात. मॅडमचं बायका ऐकून घेतात, पण वैनींचं मानतात, कारण वैनी बिरूला सोबत नेतात आणि त्याला शर्ट काढायला लावून डायलिसिसच्या नळीचा गळ्याखालचा व्रण दाखवतात.

यंदा श्रावणात भर दुपारी वैनींचा फोन आला. मिरजेच्या दवाखान्यातून बोलत होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या एका माणसाला घेऊन आल्या होत्या. काल ताप आला, आज डोळे लाल दिसले, तसं त्याचं काही न ऐकता जीपमध्ये घातला. डॉक्टर म्हणाले वेळेत आला, औषधं सुरू केली, लघवी व्यवस्थित आहे. वैनी हे सगळं मला अशा सुरात सांगत होत्या, जसं काही आमच्या प्रयोगशाळेचं ते राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं.

"मॅडम कुठायत?" मी विचारलं.

"हितंच हायत की, बाहेर बाकावर," वैनी म्हणाल्या. "त्याची बायकू हाय न्हवं, लहान हाय, लय भ्यालीय. तिच्यापशी बसल्यात."

"काय सांगतायत तिला?"

"काय न्हाई वो. तिचा हात धरलाय आनि नुसत्या बसल्यात."